अर्जातला आजार

मला कधीही क्षय झाला नाही. दमा नाही, न्यूमोनिया नाही, साधा खोकलासुद्धा कधी चार दिवसांच्या वर टिकला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आजही दोन-चार म्हातारी माणसं अशी सापडतील, की माझा विषय निघाला म्हणजे ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून "तिला ते हुतं ना" म्हणतात. ते मला कधीच नव्हतं. ते फक्त माझ्या वडिलांनी लिहिलेल्या एका अर्जात होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि अर्ज लिहिण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सातबाऱ्यावर नाव लावायचं असो, एसटी फाट्यावर थांबवायची असो, माणसं कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायची. अण्णांचं अक्षर टपोरं, समासाला एकही ओळ हललेली नाही. लिहून झालं की ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याला आपलीच कैफियत ऐकून भरून यायचं.

त्यांचं एक तत्त्व होतं. "अर्जात खरं कारन लिवायचं नसतं. मंजूर हुनारं कारन लिवायचं असतं." शाळेतल्या मास्तरांच्या रजा याच तत्त्वावर चालायच्या. जत्रेला जायचं असलं की पोटदुखी, मेव्हण्याच्या लग्नाला जायचं असलं की हिवताप. वरच्या साहेबाला हे सगळं ठाऊक होतं, कारण तोही तापानंच रजेवर जायचा. याचं कोणालाच काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. उलट मी हसायचे, कोणत्या मास्तरला यंदा काय होणार याच्या आम्ही बहिणी पैजा लावायचो.

मॅट्रिक झाल्यावर मी नगरला नर्सिंगच्या कोर्सला लागले. नर्स आणि सुईण अशा दोन्ही कामांचं शिक्षण होतं, दीड वर्षाचं. दवाखान्याच्या मागेच आमचं वसतिगृह, एका खोलीत सहा खाटा. निळ्या काठाची पांढरी साडी, घट्ट बुचडा, हातात बांगडी नाही. परीक्षेला बसायचं तर वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं केलेली असावी लागत. प्रत्येकीची वही असायची आणि प्रत्येक बाळंतपणाखाली सिस्टरची सही. त्या वहीवरून आम्ही मुली काय भांडायचो! रात्रपाळीला कोण, कळा सुरू झालेली बाई कोणाच्या खाटेवरची, डोकं दिसायला लागल्यावर पुढे कोण उभी होती. बाहेरच्यांना वाटलं असतं, या पोरी काहीतरी वाटून घ्यायला बसल्यात.

मला ते काम मनापासून आवडायचं. लाजायचं काय त्यात, सरळ सांगते, मी त्यात चांगली होते. माझा हात थरथरत नसे. मेट्रनबाई नगरच्याच, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, कौतुकाच्या बाबतीत पक्क्या चिकट. त्यांनी एकदा माझ्यामागे उभं राहून "हं" एवढंच म्हटलं होतं आणि ते "हं" मी आठवडाभर मिरवलं होतं. नऊ महिन्यांत माझ्या वहीत अकरा सह्या झाल्या होत्या.

ते दुष्काळाचं साल. आमच्या भागात पाऊस आधीच बेताचा, त्या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. गावची निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर होती. विहिरीचं पाणी पार तळाला गेलेलं. आई पाण्याला खाली उतरली, पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि महिनाभर हलवू नका म्हणाला.

तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सातवा महिना लागला होता. अक्काचं सासर देवळाली प्रवराकडे, कालव्याच्या पाण्याचं, उसाचं. तिच्या सासूबाईंनी आईचा हात मोडल्याचं ऐकलं आणि आपणहून निरोप पाठवला, "विहीनबाईचा हात बरा न्हाई, तर पोरीचं बाळातपन आमी हितंच करतो. दवाखाना बी जवळ हाय. काळजी करू नका." इतकं शहाणपणाचं बोलणं त्या वर्षात दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्या बाईला मी जन्मात विसरणार नाही.

अण्णांनी त्याच दिवशी उलट कार्ड टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरीच होईल, आमच्या घरी कशाची कमतरता नाही.

कमतरता कशाची होती ते मी सांगते. आमच्या घरात अण्णा आणि माझा भाऊ असे दोन धडधाकट पुरुष होते आणि दोघांनाही भाकरी थापता येत नव्हती. चूल पेटवता येत नव्हती. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणजे काय, हे त्यांना ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि रीत पाळणार अण्णा, पण रीत पाळायला हात लागतात ते कोणाचे? तर नगरला शिकायला ठेवलेल्या धाकट्या मुलीचे. आणि वर ते भावाला म्हणाले म्हणे, "ती ह्येच तर शिकतीय. घरचंच काम हाय." हे मला नंतर आईनं सांगितलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी बाळंतपणाच्या खोलीत होते. बाजारात भाजी विकणारी एक बाई होती, तिसरी खेप, घाई करणारं बाळ. डोकं दिसायला लागलं होतं. हे माझं बारावं. एवढ्यात आया दारातून ओरडली, "तुझे वडील आलेत. मेट्रनबाईंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

माझ्या मनात पहिलं आलं ते आई गेली. मी बाजूला झाले, शेजारची मुलगी पुढे सरकली. हात धुतानाच मला बाळाचं रडणं ऐकू आलं. माझं बारावं बाळंतपण तिच्या वहीत गेलं.

मेट्रनबाईंच्या खोलीत अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. टेबलावर त्यांचा अर्ज, खाली जोडलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते मी पूर्वी कधी न पाहिलेल्या नजरेनं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

त्यांनी वाचून दाखवलं. माझी कन्या गेले काही महिने छातीच्या विकाराने ग्रस्त असून, वैद्यकीय सल्ल्यानुसार तिला दीर्घ विश्रांतीची गरज असल्याने, तिचे नाव प्रशिक्षणातून कमी करण्यात यावे. सर्टिफिकेट तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी डॉक्टरचं होतं. अण्णांनी त्याची दोन मुलं शिकवली होती. त्या गृहस्थानं मला कधी पाहिलं नव्हतं, मी त्याला पाहिलं नव्हतं. माझ्या छातीला न भेटता त्यानं तिच्यावर सही केली होती.

मी अण्णांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आणि मग ते मेट्रनबाईंना अत्यंत नम्रपणे म्हणाले, "पोर भ्याली, बाई. तिनं लपवून ठेवलं. आम्हालाच उशिरा कळलं."

माझ्यावरच ढकललं! आजार नाही, तो लपवलाही नाही, आणि लपवल्याचा दोष माझ्या माथी. मी तोंड उघडलं. पण बाहेरच्या माणसासमोर बापाला खोटं पाडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. वीस वर्षांत एकदाही तशी वेळ आली नव्हती, आणि आली ती अशी एकदम, पूर्वसूचना न देता. मी गप्प बसले. माझं ते गप्प बसणं मेट्रनबाईंनी कबुली मानलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "नव्या बाळांमध्ये वावरत होतीस तू," एवढंच बोलल्या.

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. खोलीत जाऊन ट्रंक भरेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचलेली. शेजारच्या खाटेवरची मुलगी, जिच्या डोक्याला मी दर रविवारी तेल लावायचे, तिनं दोरीवरून आपला टॉवेल ओढून घेतला, माझ्या टॉवेलला तो लागत होता म्हणून. आयानं माझी चादर काठीच्या टोकानं उचलली आणि उकळायला नेली. माझा पितळी पेला कोणी तरी दाराबाहेर ठेवला होता. त्या मुलींनी वाईट काही केलं नाही, आम्हाला शिकवलं होतं तेच केलं. मीही तेच केलं असतं.

एसटी स्टँडवर मी अण्णांना विचारलं, "खरं कारण लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? आईचा हात मोडलाय, अक्काचं बाळंतपण आहे. महिना-दोन महिने रजा द्या म्हणायचं."

"अशी रजा देत न्हाईत. चौकशी करत्यात. घरात दुसरं कोनी न्हाई का, सासरी का न्हाई धाडत, धा प्रश्न. आजारपनाला कोनी प्रश्न इचारत न्हाई."

"पण छातीचा? डोकेदुखी लिहायची होती."

"डोकेदुखीला गोळी देत्यात आन ठिवून घेत्यात." हे त्यांनी खरोखर अभिमानानं सांगितलं. त्यांनी विचार करून आजार निवडला होता. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, कागद हाय तो. कागदावरचं आजारपन कुनाला लागतं व्हय? अक्काचं झालं की मीच आनून सोडतो तुला."

मी विश्वास ठेवला. तोपर्यंत आमच्या गावात कागदावरच्या आजारानं कोणीच आजारी पडलं नव्हतं.

घरी पोचले त्या संध्याकाळपासून चूल माझ्याकडे आली. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता फुटायची. आईचा हात कामट्यांत, ती शेजारी बसून सांगायची आणि मधूनच रडायची. अक्का आठव्या महिन्यात आली. तिचं पोट बघून मला काळजी वाटली, मूल आडवं होतं. गावच्या म्हाताऱ्या सुईणीला आणि मला दोघींना ते कळलं, दोघींनी मिळून रोज हळूहळू हात फिरवून ते वळतं केलं. कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी अण्णांना घराबाहेर काढलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत अक्काजवळ उभी राहिले. मुलगी झाली, चांगली टपोरी. नाळ मी कापली. त्या बाळंतपणाखाली सही करायला कोणी नव्हतं.

अक्काच्या सासरची माणसं बारशाला आली तेव्हा अण्णा ओट्यावर ऐटीत बसून सांगत होते, "आमची धाकटी नगरच्या दवाखान्यात शिकल्याली. डॉक्टर लागला न्हाई का नर्स लागली न्हाई." मी आतून ऐकत होते, हातात पाहुण्यांच्या जेवणाची परात. म्हणजे मिरवायचं असलं की मी शिकलेली, आणि सोडवून आणायचं असलं की मी छातीची रोगी! बाळंतीण उचलायला, हंडे वाहायला, दळायला माझी छाती धडधाकट होती. फक्त शिकायला तेवढी नाजूक होती.

आईचं मनगट वाकडं जुळलं. अक्का तिसऱ्या महिन्यानंतर सासरी गेली. मी अण्णांना आठवण करून दिली. आधी शाळा-तपासणी होती, मग भावाचं स्थळ बघायचं होतं, मग सुट्टी लागू दे म्हणाले. आठ महिने गेले तसे मी एके सकाळी ट्रंक भरून ओट्यावर आणून ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिले. शाळेत जाणारी पोरं थांबून बघायला लागली, तेव्हा अण्णा तयार झाले.

मेट्रनबाईंनी मला दारातच उभं केलं. पण हाकललं नाही. आधी फोटो काढून आण म्हणाल्या, छातीचा. सरकारी दवाखान्यात जाऊन मी तो काढला. चार दिवसांनी तो पाकिटातून काढून त्यांनी खिडकीकडे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगदी स्वच्छ आहे गं! डागसुद्धा नाही. तुला मी पुढच्या तुकडीत घेते. आता एवढंच कर, त्या डॉक्टरांकडून लिहून आण, काय उपचार केले, किती महिने, कधी बरी झालीस. ते फाईलला लागेल."

उपचार! आम्ही तालुक्याला त्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं आधी आम्हाला ओळखच दाखवली नाही, मग दार लावून घेतलं. "मास्तर, तेव्हा एक ओळ लिहून दिली ती दिली. आठ महिन्यांचे उपचार मी कुठून आणू? उद्या कोणी कागद तपासले तर?" मला न तपासता रोगी ठरवताना त्याला ही भीती वाटली नव्हती. बरी ठरवताना वाटली.

आम्ही परत नगरला आलो. अण्णांना मी व्हरांड्यात बसवलं आणि एकटी आत गेले. मेट्रनबाईंना खरं सांगितलं, सगळं, आईच्या मनगटापासून.  मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"हेच लिहून दे. आजार नव्हता, सर्टिफिकेट खोटं होतं, अर्ज वडिलांनी केला. सही कर. मी तुला घेईन. पण हा कागद मला वर पाठवावा लागेल, ते मी आत्ताच सांगते."

मी कागद घेऊन बाहेर आले आणि अण्णांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. त्या वर्षी त्यांचा हेडमास्तर होण्याचा नंबर होता. सरकारी मास्तरानं खोटं सर्टिफिकेट जोडलं असं वर गेलं असतं तर हेडमास्तरकी सोडा, नोकरीही राहिली नसती. मी वाट बघत होते की ते म्हणतील, नको लिहूस. तसं म्हणाले असते तर मी भांडले असते. माझ्याकडे भांडण तयार होतं, आठ महिने मुरवलेलं.

ते म्हणाले, "तूच ठरव. तुज्या हातात हाय समदं."

केवढा हा अन्याय! कोर्स सोडताना मला कोणी विचारलं नाही, आजार ठरवताना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याबद्दल ठरवायला दिलं, तेव्हा एका बाजूला माझं शिक्षण होतं आणि दुसऱ्या बाजूला चार माणसांचं घर. आई भाकरी थापू शकत नव्हती. भावाचं लग्न ठरलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर किती वेळ बसले आठवत नाही. मग उठून आत गेले आणि कागद मेट्रनबाईंना कोराच परत दिला. त्यांनी तो घेतला, घडी न करता कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "असू दे," म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना माझा राग आला होता. मलाही माझा आला होता. अजून येतो.

अण्णा त्याच वर्षी हेडमास्तर झाले. गावानं हार घातला.

पुढे मला दोन स्थळं आली आणि छातीचं ऐकून उठून गेली. तिसरं टिकलं, कारण नवऱ्याच्या आत्याचं बाळंतपण मी केलं होतं आणि तिनं मला हंडा उचलताना बघितलं होतं. अडल्यानडल्या बाया मला बोलावत राहिल्या, मी जात राहिले. किती बाळं झाली याची वही ठेवली नाही. गावात खरीखुरी नर्स नेमली गेली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही आता राहू द्या." बरोबरच होतं तिचं. तिच्याकडे सर्टिफिकेट होतं.

अण्णांची शेवटची दोन वर्षं माझ्याकडे गेली. पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. वर्तमानपत्र वाचायचे, नातवाच्या अर्जातल्या चुका काढायचे. एके सकाळी आंघोळीसाठी मी त्यांना पलंगावरून उचलायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"नगं गं. पोराला बोलाव. तुजी छाती नाजूक हाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, डोळ्यांत खरी काळजी होती. गावाला, पाहुण्यांना, स्थळं आणणाऱ्यांना इतकी वर्षं तेच सांगता सांगता त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "माझ्या छातीला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. एक दिवससुद्धा नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या घालून, एखादा अर्ज तपासावा तसे.

"मंग," त्यांनी विचारलं, "परत गेली का न्हाईस?"